पोटात दुखतंय म्हणणारी मुलं: मुलांमध्ये मनाचे आजार रुजतात तरी कसे?

पागोळी
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं खूप दिवस मनात होतं, पण कुठून सुरुवात करू ते कळत नव्हतं. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवतेय. आज एका मुलाबद्दल लिहितेय, त्याचं नाव सांगत नाही, आपण बाळू म्हणू.

२०१९ साली बाळू तिसरीत होता. वडील हर्णैच्या एका ट्रॉलरवर खलाशी. त्या वर्षी ऐन दिवाळीत क्यार वादळ आलं, आठवत असेल किनाऱ्यावरच्या लोकांना. बोटी मिळेल तिकडे आसऱ्याला गेल्या, काही आंजर्ल्याच्या खाडीत, काही जयगडला. बाळूच्या वडिलांचा फोन दोन दिवस लागला नाही. घरात पणत्या लावल्या नाहीत, आई उंबऱ्यात बसून राहिलेली, आजी देवापाशी, आणि हा आठ वर्षांचा पोर फोन हातात धरून एकच नंबर लावत बसलेला. तिसऱ्या दिवशी बोट जयगडला सुखरूप आहे असं कळलं. सगळे सुटले. आम्हाला वाटलं झालं, संपलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि बाळूच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी शाळेची वेळ झाली की सुरू. हात गार, घाम, एक दोनदा तर शाळेच्या पायरीवरच उलटी. आणि घरी राहिला की अकरा वाजता ठणठणीत, अंगणात गोट्या खेळतोय! मग काय, सगळ्यांचं एकच, नाटकं करतो. आईने आरोग्य केंद्रात नेऊन जंताचं औषध आणलं, ओवा झाला, नजर काढून झाली, अंगारा झाला. आणि मी, हे लिहिताना अजून जड जातं, मी एकदा परिपाठाला सगळ्या मुलांसमोर त्याला उभं करून म्हटलं की रोजची नाटकं बंद कर आता. सगळी पोरं हसली. त्याचा चेहरा मला आजही जसाच्या तसा आठवतो, खाली मान घालून तो शर्टाचं शेवटचं बटण पिळत होता.

जानेवारीत शाळेत मुलांची तपासणी करणारं पथक आलं, त्यातल्या डॉक्टर बाईंनी त्याच्याशी एकटीने बोलायला घेतलं आणि नंतर मला हजेरीपट मागितला. त्याची गैरहजेरी आणि आईने सांगितलेले बोट सुटायचे दिवस त्यांनी शेजारी शेजारी मांडले. नऊ पैकी सात वेळा बोट सुटली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हा घरी! वर्षभर तो हजेरीपट मीच भरत होते आणि मला दिसलं नव्हतं. त्या म्हणाल्या पोट खरंच दुखतं त्याचं, तो खोटं बोलत नाही, फक्त दुखण्याचं मूळ पोटात नाही.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे आधी एकच तास शाळा, आई पडवीत बसलेली, मग दोन तास, मग आई फाटकापर्यंत, असं करत मार्चच्या सुरुवातीला तो पूर्ण दिवस बसायला लागला. आणि लॉकडाऊन लागलं. जूनमध्ये निसर्ग वादळाने त्यांच्या घराचे पत्रे नेले, पुढे कितीतरी आठवडे आमच्याकडे लाईट नव्हती. चौथी अशीच गेली. पाचवीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलला नाव घातलं, ती शाळा सुरू झाली थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये.

परवा दापोलीच्या एसटी स्टँडवर मायलेक भेटले. आता नववीत गेलाय, उंच झालाय. पासाच्या खिडकीशी आई उभी आणि हा दहा हात लांब, भिंतीकडे तोंड करून. आई म्हणाली, बाई शाळेत जातो रोज, पण वर्गात तोंड उघडत नाही, डबा कोणासमोर खात नाही, तसाच परत आणतो, दुकानात पाठवला तर बाहेरूनच परत येतो. मला तेव्हापासून झोप नाही. हे तेच आहे का जे तिसरीत होतं? एवढ्या वर्षांनी वेगळा चेहरा घेऊन आलंय का? की मी त्या दिवशी जे केलं त्यातून झालं? मुलांना हे होतं तरी कसं, कुठून सुरू होतं, जाणकारांनी कृपया लिहा.

माडवाडी
बाई, वाचून गलबललं. वाचतेय.

खाडीपलीकडे
मी मुलांसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ आहे, कोकणातच. मुलाला न बघता निदान करणार नाही, ते योग्य नाही, पण तुम्ही जे प्रश्न विचारलेत त्यावर बोलता येईल.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. तुमच्या ओरडण्याने आजार झाला नाही. दुखलं असणार, भर पडली असणार, पण असे आजार एका घटनेने होत नाहीत. ते थरावर थर चढत तयार होतात, आणि कुठला थर कधी चढला ते बघितलं तर कुठून उकलायचं तेही कळतं.

सगळ्यात खालचा थर स्वभाव. काही मुलं जन्मतःच सावध असतात. जेरोम केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांना नवीन खेळणी दाखवली, नवे आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं, बाकीची तेवढी बिथरत नसत. मग त्या बाळांना ते वर्षानुवर्षं बघत राहिले, आणि जी लवकर बिथरायची त्यातली बरीच पुढे लाजरी, नव्या माणसाला बुजणारी निघाली. पण त्यातल्या बहुतेकांना आजार झाला नाही हे विसरू नका. स्वभाव म्हणजे जमीन फक्त, त्यात काय उगवेल हे पुढे ठरतं. बाळूच्या आईला विचारा, तान्हा असताना कोणाच्या कडेवर जायचा का. मला वाटतं उत्तर नाही असं येईल.

दुसरा थर तो प्रसंग. दोन दिवस बापाचा पत्ता नाही. मोठ्यांना कळतं की बोट आसऱ्याला गेली असेल, आठ वर्षांच्या मुलाला तेवढंच कळतं की फोन लागत नाही आणि आई रडतेय. मूल आईच्या चेहऱ्यावरून जग वाचतं. आई घाबरली म्हणजे घाबरण्यासारखंच काहीतरी आहे, हा त्याचा हिशोब, आणि तो चुकीचाही नाही.

तिसरा थर मात्र नीट समजून घ्या कारण आजार खरा इथे वाढतो. सकाळी पोटात कालवतं, आई म्हणते राहू दे आज, आणि क्षणात पोट हलकं. ती सुटका इतकी गोड असते की मेंदू एक धडा पक्का करतो, घरी राहिलो म्हणून वाचलो. म्हणजे शाळेत काहीतरी भयंकर होतं हे आपोआप खरं ठरतं, आणि दुसऱ्या दिवशी भीती काल होती त्यापेक्षा वाढलेली असते. अकरा वाजता गोट्या खेळतो तो नाटकी म्हणून नाही, सुटका झाली म्हणून. आईची माया आणि मुलाची भीती एकमेकींना खतपाणी घालत राहतात आणि दोघांनाही पत्ता नसतो. म्हणून त्या डॉक्टर बाईंनी जे केलं, तास तास वाढवत नेणं, ते अगदी नेमकं होतं. भीतीच्या जवळ थोडं थोडं जायचं आणि काही होत नाही हे अंगाने शिकायचं, सांगून ते शिकता येत नाही.

चौथा, लॉकडाऊन. जे मूल नुकतंच शाळेत बसायला शिकलं होतं त्याला सगळ्या जगानेच सांगितलं की घरीच बस, बाहेर धोका आहे. मार्चपर्यंत जे उभं केलं होतं ते सरावाअभावी बसलं.

आणि पाचवा म्हणजे वय. लहानपणी भीती असते आईबापापासून तुटण्याची, ती साधारण प्राथमिक शाळेच्या वयातली. बारा तेराच्या पुढे मुलाचं लक्ष घरावरून मित्रांवर जातं, लोक मला काय म्हणतील, हसतील का. मेंदूतला भावनांचा भाग या वयात जोरात असतो आणि त्याला लगाम घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. म्हणून तीच भीती नव्या कपड्यात येते, आईला सोडायची भीती चारचौघांत बोलायची भीती होते. हो, हे बऱ्याचदा त्याच वेलाचं पुढचं पान असतं. सगळ्या मुलांचं तसं होत नाही, पण ज्यांचं होतं त्यांना आपण "आता मोठा झाला, लाजाळू आहे" म्हणून सोडून देतो.

एक आकडा सांगते, जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे १० ते १९ वयातल्या सातातल्या एका मुलाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, आणि आयुष्यात पुढे जे मानसिक आजार दिसतात त्यातले जवळपास एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आत आणि निम्मे अठराव्या वर्षाच्या आत सुरू झालेले असतात. चिंतेचे आजार तर बरेच लवकर. बाळू चौदाचा आहे. उशीर झालेला नाही.

चाकरमानी
माफ करा, पण मला हे सगळं जरा अति वाटतं. मी स्वतः गुहागर तालुक्यातला, आता बोरिवली. आमचे वडील गिरणीत मुंबईला, वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि मे महिन्यात. आई शेतावर. आम्ही पाच भावंडं, चार मैल चालत शाळा, मास्तर वेताच्या छडीने मारायचे, कोणाला कसला आजार नव्हता. आता प्रत्येक पोराला काहीतरी नाव चिकटवायचं. पोरांना थोडं सोसू द्या की. मी हे वाईट हेतूने म्हणत नाहीये, माझीही दोन मुलं आहेत, धाकट्याला शाळेने एडीएचडीसाठी (लक्ष न लागणं, एका जागी न बसणं याला म्हणतात ते) तपासून घ्या असं लिहून दिलंय आणि खरं सांगायचं तर मला ते पटत नाहीये.

सुरंगीचो_वळेसर
माज्या चेडवाची गोष्ट सांगतंय. मालवणीत लिवलंय तर अर्ध्यांका कळूचा नाय, म्हणान मराठीतच लिहिते.

माझी मुलगी सातवीत असताना सारखे हात धुवायला लागली. नुकती पाळी सुरू झालेली. आमच्या घरात सोवळंओवळं कडक, सासूबाई खूश, म्हणायच्या बघा पोरीला किती वळण आहे. विहिरीवर जायची ती अर्धा अर्धा तास यायची नाही. पाणी हातावर, मग कोपरापर्यंत, मग नळ धुवायचा, नळ धुताना हात लागला म्हणून परत हात. मोजून सात वेळा. कोणी मध्ये बोललं आणि मोजणी चुकली की पहिल्यापासून. बोटांच्या बेचक्यातली कातडी फाटून रक्त यायला लागलं तेव्हा माझे डोळे उघडले. तोवर आम्ही काय करत होतो, तर तिला त्रास होऊ नये म्हणून मीच नळ धुवून ठेवायचे, दार मीच उघडायचे तिने कडीला हात लावू नये म्हणून, घरचे सगळे तिच्या मोजणीच्या वेळी गप्प बसायचे.

देवळात कौल लावला. देवाने उजवा कौल दिला, गाऱ्हाणं घातलं. मग गावातल्या एकाने देवस्की आहे, म्हणजे बाहेरची बाधा आहे म्हणून सांगितलं, त्याच्याकडेही पाच महिने गेले आणि पैसेही गेले. शेवटी आमच्या आशाताईने हाताला धरून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं, तिथे कळलं की याला मंत्रचळ, इंग्रजीत ओसीडी म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं की आम्ही सगळे मायेने जी मदत करत होतो त्यानेच तो वाढत होता. खाडीपलीकडे ताईंनी शाळेचं जे लिहिलंय ना, सुटका झाली की भीती वाढते, अगदी तेच. हात धुतला की जीवाला दोन मिनिटं बरं, म्हणून परत धुवायचा.

औषध आणि सोबत तो सराव, म्हणजे कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही, जीव कासावीस होतो तो होऊ द्यायचा, हळूहळू तो आपला आपण उतरतो. पहिल्या दिवशी माझी पोरगी चाळीस मिनिटं रडली आणि मी शेजारी बसून होते, पाणी आणून दिलं नाही. माझ्या आयुष्यात एवढं कठीण काही केलं नाही. आता बारावीला आहे, बरी आहे. परीक्षेच्या दिवसात थोडं डोकं वर काढतं, तिला आता ते ओळखता येतं.

देवाचं मी सोडलं नाही, अजून जाते. पण डॉक्टरांकडे आधी गेले असते तर तिची दोन वर्षं वाचली असती.

खाडीपलीकडे
सुरंगी ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. शेजारी बसून राहणं आणि पाणी न देणं, हे करायला आईचं काळीज किती घट्ट करावं लागतं ते मी रोज बघते.

चाकरमानी, तुमचा प्रश्न मनापासून आहे म्हणून मनापासून उत्तर देते. आधी सोसण्याचं. हवाई बेटांमधल्या कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. त्यातली बरीच मुलं गरिबीत, भांडणाच्या, दारूच्या किंवा आजारी आईबापाच्या घरात वाढत होती. अशी बरीच संकटं एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही धडधाकट, जबाबदार माणसं झाली. का झाली हे बघितलं तर त्यांच्या आयुष्यात आईबाप नाही तर कोणीतरी एक मोठं माणूस घट्ट होतं, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. तुमच्या घरात पाच भावंडं, आई, वाडीतली माणसं होती. ते बळ खरंच होतं, मी ते नाकारत नाही. पण त्याच अभ्यासात उरलेली दोन तृतीयांश मुलं अडखळली, हेही तितकंच खरं.

मायकेल रटर या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर आणि लंडनमध्ये मुलांचे अभ्यास केले, त्यात दिसलं की एखादंच संकट असेल तर मूल बहुधा निभावतं. पण दुसरं, तिसरं, चौथं वर येत गेलं की धोका नुसता वाढत नाही, उडी मारतो. घरी दारू आहे पण आई खंबीर आहे, चालतं. घरी दारू, आई खचलेली, शाळेत मार आणि वडिलांचं काम गेलेलं, असं एकदम आलं की मूल मोडतं. म्हणून "मी सोसलं" यावरून "सगळ्यांनी सोसावं" असं निघत नाही, तुमच्या वाट्याला किती थर आले आणि खाली जमीन कशी होती हे वेगळं असतं.

आता एडीएचडीचं. त्यात लाडाचा किंवा वळण न लावल्याचा संबंध फार थोडा. जुळ्यांच्या अभ्यासांवरून मुलामुलांमधल्या फरकात ७० ते ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा येतो. स्वमग्नतेतही (ऑटिझममध्ये) जनुकांचा वाटा असाच मोठा. एकेकाळी स्वमग्न मुलांचं खापर आयांच्या थंडपणावर फोडलं जायचं, पुढे ते साफ चुकीचं ठरलं, पण तोवर हजारो आयांनी ते दुःख डोक्यावर वाहिलं. तुम्ही बापाने काही चुकीचं केलंय म्हणून शाळेने तसं लिहिलेलं नाही. तपासून घेतलंत आणि काही नाही निघालं तर एक दिवस गेला. पण असलं आणि सोडून दिलंत तर काय होतं ते मी बघते. आधी नुसतं एका जागी न बसणं असतं. मग रोज ओरडा, रोज छडी, मग "मी ढ आहे, मी वाईट आहे" हे त्या मुलाला स्वतःलाच पटतं, मग शाळेत मन लागत नाही म्हणून शाळेबाहेरची संगत, आणि चौदाव्या वर्षी समोर येतो तो आक्रस्ताळा, मारामाऱ्या करणारा मुलगा. त्यातलं पहिलं फक्त जन्माचं होतं, बाकीचं आपण चढवलेलं.

वाशिष्ठीकाठची
आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आम्ही माळ्यावर रात्र काढली, मुलगी तेव्हा सहा वर्षांची. नंतर कितीतरी महिने पाऊस वाजला की ती दप्तर भरायची, त्यात बाहुली, बिस्किटाचा पुडा, माझी एक ओढणी. खेळतानाही तेच, बाहुल्यांना टेबलावर चढवायची आणि म्हणायची वर या वर या. मला वाटायचं हिचं कायमचं बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं खेळू द्या, मुलं घडलेलं पचवायला तेच तेच खेळतात, बहुतेक मुलं घरातली माणसं स्थिर असतील तर सावरतात, पण खूप महिने गेले, झोप उडाली, खाणं तुटलं तर या. आम्ही काय केलं तर तिच्यासोबत ते दप्तर भरायला बसलो, कुठे जायचं, कोणाच्या घरी, सगळं ठरवून टाकलं. तिच्या डोक्यातली भीती आमच्या सगळ्यांची झाली तेव्हा ती हलकी झाली. आता दहाची आहे. पाऊस लागला की अजून एकदा खिडकीत जाऊन येते, मग झोपते.

नवखा_२१
पहिल्यांदाच लिहितोय इथे. दहावीपर्यंत गावात पहिला यायचो. अकरावी सायन्सला रत्नागिरीत, रूम करून राहिलो. तिथे कोण मला ओळखत नव्हतं. पहिल्या टेस्टला नापास. मी रडलो बिडलो नाही, मला राग यायला लागला, सगळ्यांचा. आई फोनवर जेवलास का म्हणाली तरी राग. क्रिकेट माझा जीव होता, ते बंद केलं. रात्री तीनपर्यंत जागा, सकाळी लेक्चरला नाही. एका सरांनी सगळ्यांसमोर माजलाय म्हटलं. घरी पण सगळ्यांना वाटलं शहरात जाऊन पोरगा बिघडला. रूमवरच्या मोठ्या पोरांकडून गांजा मिळायचा, दोन तीनदा घेतला, बरं वाटतं असं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी आणखी खाली. मग हळूहळू कशाला जगायचं असं रोजच वाटायला लागलं.

माझ्या एका मित्राने सरळ विचारलं, तुझ्या डोक्यात जीव द्यायचं येतं का. मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. त्यानेच १४४१६ या मदतीच्या नंबरला फोन लावून दिला, मराठीत बोलतात तिथे, मग त्यांनी सांगितल्यावर ओपीडीला गेलो. डॉक्टर म्हणाले हे नैराश्य आहे, या वयात ते उदासीपेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. मला खूप हलकं वाटलं कारण मला खरंच वाटायला लागलं होतं की मी वाईट माणूस झालोय. एक वर्ष गेलं वाया पण आता बीएस्सीला आहे, क्रिकेट परत सुरू.

खाडीपलीकडे
नवखा, लिहिलंत त्याबद्दल आभार, आणि तुमच्या त्या मित्राला माझा नमस्कार सांगा. सगळ्यांनी एक लक्षात ठेवा, जीव द्यायचे विचार येतात का हे विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. असतील तर मूल मोकळं होतं. घरात कोणाबद्दल अशी शंका असेल तर त्याला एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशकं हाताला लागतील अशी ठेवू नका. आंब्याच्या फवारणीचे डबे आपल्याकडे पडवीत उघड्यावर असतात, ते कुलपात गेले पाहिजेत. १४४१६ हा टेली मानसचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत.

गांजाचं पण बोलायला हवं. वाढत्या वयातल्या मेंदूवर तो जास्त खोल जातो, आणि घरात आधी कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर त्या मुलात तो उफाळून यायचा धोका गांजाने वाढतो.

माडवाडी
ताई, माझी तेरा वर्षांची आहे. खोलीचं दार लावून बसते, बोलत नाही, सगळं फोनवर. हे वयाचं आहे की आजार हे ओळखायचं कसं? शेजारणी म्हणतात या वयात असंच असतं.

खाडीपलीकडे
दार लावणं, तुमच्याशी कमी बोलणं, मैत्रिणींशी जास्त बोलणं हे वयाचं आहे, त्याची काळजी करू नका. मी तिची तुलना शेजारच्या मुलीशी न करता सहा महिन्यांपूर्वीच्या तिच्याशीच करायला सांगते. आवडीचं काय होतं ते सोडलंय का? मैत्रिणींशीही बोलणं तुटलंय का? झोप, भूक, वजन, अभ्यास यातलं दोन तीन एकदम बिघडलंय का? आणि असं दोन आठवड्यांच्या वर रोज चाललंय का? तसं असेल तर दाखवा. वयात येण्याआधी मुलगे मुली दोघांत नैराश्य साधारण सारखं असतं, पाळी सुरू होण्याच्या वयापासून मुलींमध्ये ते जवळजवळ दुप्पट होतं. त्यात शरीरातले बदलही आहेत आणि मुलींच्या वाट्याला जे येतं तेही आहे, रूपावरून बोलणी, बाहेर जायची बंधनं, आणि कित्येकींच्या बाबतीत कोणी केलेला नकोसा स्पर्श, जो त्या कोणाला सांगत नाहीत. म्हणून मूल अचानक बदललं तर हा प्रश्नही मनात ठेवा, आणि शांतपणे, एकटीला विचारा. तिने सांगितलं तर पहिलं वाक्य "तू तिकडे गेलीसच कशाला" हे नसावं एवढीच विनंती. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे.

फोनबद्दल, तो कारण असतो तितकाच तो लक्षणही असतो. ज्या मुलीला बाहेर कुठे जागा नाही ती फोनमध्ये जाते. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, सगळ्यांचेच, तुमचाही, एवढं करून बघा. या वयात झोप येण्याची वेळ आपोआपच पुढे सरकते, त्यात फोन असला की ती आणखी पुढे जाते आणि सकाळची एसटी मात्र तीच असते.

चाकरमानी
परत आलोय. दोन दिवस या धाग्यावरचं डोक्यात फिरतंय. मी लिहिलं ना, आम्हा पाच जणांना काही नव्हतं. काल आईला फोन केला, सहज विषय काढला. ती म्हणाली, अरे तुझा मधला भाऊ विसरलास का. मी खरंच विसरलो होतो. तो एका जागी बसायचा नाही, मास्तरांचा सगळ्यात जास्त मार त्यालाच. सहावीत शाळा सोडली. घरातून पळून दोनदा मुंबईला आला. नंतर दारू. पन्नाशीच्या आत गेला. आम्ही सगळे त्याला वांड म्हणायचो, मीही म्हणायचो, मी तर सगळ्यात जास्त. आई फोनवर म्हणाली, तुझा धाकटा अगदी त्याच्यासारखा आहे, तसाच हसतो.

सोमवारी अपॉइंटमेंट घेतली आहे.

पागोळी
चाकरमानी भाऊ, काय लिहू कळत नाही. सोमवारी काय झालं ते नक्की सांगा.

खाडीपलीकडे ताई, तुमचं वाचल्यावर मी बाळूच्या घरी जाऊन आले. आईला तान्हेपणाचं विचारलं. म्हणाली, बाई बारशाला आत्यानेपण धरला नाही, एवढा आक्रोश, पाळण्यात नाव मीच घातलं. तुम्ही बरोबर होतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्यामुळे वडील घरीच होते, जाळी विणत पडवीत बसलेले. मी त्यांच्यासमोर सगळं बोलले. मला वाटलं होतं चिडतील. ते बराच वेळ जाळ्याची गाठ मारत राहिले आणि मग म्हणाले, बाई त्या क्यारनंतर मला पण पोटात असंच व्हायचं, बोट सुटायच्या आधी, दोन वर्षं होत होतं, कोणाला सांगितलं नाही. बाळू आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं असणार, कारण तो येऊन दाराच्या चौकटीत उभा राहिला. मी त्याला तिसरीतल्या परिपाठाबद्दल सांगितलं, चुकलं माझं असं म्हटलं. तो म्हणाला आठवत नाही बाई. पण शर्टाचं बटण पिळत होता.

"रत्नागिरीला नेणार" म्हटल्यावर आजी रडायला लागली, आपल्याकडे रत्नागिरीला पाठवलं म्हणजे येड्यांच्या इस्पितळात टाकलं असाच अर्थ. तिला सांगायला अर्धा तास गेला की नुसतं बाहेरून दाखवून, बोलून घरी यायचं. कुठे न्यायचं, सिव्हिलला की प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीला, ताई तुम्ही सांगा, लांब पडतं पण वडील म्हणाले बोट सुटायच्या आत मी स्वतः नेतो. हायस्कूलच्या वर्गशिक्षकांशीही बोलले, ते तोंडी परीक्षा त्याची एकट्याची घ्यायला तयार झाले.

खाडीपलीकडे
बाई, वडिलांचं ते वाक्य मुलाने ऐकलं यासारखी चांगली गोष्ट नाही. आधी सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवा, गर्दी असते, सकाळी लवकर पोचा. तिसरीतल्या त्या डॉक्टर बाईंनी काय केलं होतं ते आणि हजेरीपटाचं सगळं एका कागदावर लिहून न्या, निदानाला फार उपयोग होतो. तोवर घरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मोठी उडी मारायला लावू नका, चारचौघांसमोर भाषण वगैरे अजिबात नको. एक छोटी गोष्ट निवडा, त्यानेच निवडू दे. आणि जमलं तर शाबासकीचा गाजावाजा नको, नुसतं बघितलं आहे एवढं त्याला कळू द्या.

पागोळी
त्याने निवडलं. एसटीचं तिकीट.

आज सकाळी मी दापोलीला जाताना मुद्दाम त्याच गाडीने गेले, ते तिघे पुढच्या स्टॉपला चढले. वडील मागच्या सीटवर जाऊन बसले, पैसे बाळूच्या हातात. कंडक्टर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, नोट पुढे केली, आवाज फुटला नाही. कंडक्टर म्हणाला कुठे. परत गप्प. वडील उठायला गेले, आईने त्यांचा हात धरून ठेवला. मग म्हणाला, तीन दापोली. अगदी हळू. कंडक्टरला ऐकू गेलं नाही, त्याने परत विचारलं, आणि त्याने परत सांगितलं, तीन दापोली.

मी खिडकीबाहेर बघत बसले. रत्नागिरीची तारीख पुढच्या गुरुवारची आहे.